कंदील आधी

मिरजेत, स्टेशनमागच्या गल्लीत
पूर्वी नर्सांचं वसतिगृह होतं, तिथं आमची संस्था.
पाटीवर ‘बायबलकालीन पुरातत्त्व’ लिहिलंय.
पोस्टमन म्हणतो, खापरीवाल्यांचं ऑफिस.
त्याचंच बरोबर आहे.

मी खापऱ्या धुते.
यार्देनेपलीकडच्या एका टेकाडातून
उसन्या आलेल्या, तीन पेट्या, कस्टममध्ये महिनाभर अडकलेल्या.
टूथब्रश, कोमट पाणी, मग सावलीत वाळवण,
मग आतल्या बाजूला काळ्या शाईनं बारीक आकडा.
रंग लिहायला रंगांची वही आहे, नंबरवारी.
मला एक तुकडा शिजवलेल्या हळकुंडासारखा दिसला,
पण तसं लिहायचं नाही.
लिहिलं : तांबूस पिवळा, सात पूर्णांक पाच.

रणभिसे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
‘सुकेशिनी, खापरीला विचारायचं नाही, तू आमची ना?
विचारायचं, तू कुठली.’

जळकी भिंत, तिच्या पायाशी काळा पडलेला गहू.
सहा दाणे प्रयोगशाळेत गेले.
कागद परत आला :
पाहिजे होता त्याहून दीडशे वर्षं अलीकडचा.
त्याच आठवड्यात सोलापूरचे देणगीदार आले,
चष्म्याआडून पाणावलेले, खरोखरचे पाणावलेले.
म्हणाले, दालनात पाटी लावू, ‘हीच ती भिंत’,
फरशीचा खर्च आमचा.
सर गप्प. पंखा कुरकुरत होता.
मग म्हणाले, हरिपूरला चला, पेव उघडायचंय.

हरिपुरात, संगमाच्या वरच्या अंगाला,
आदगोंडा चौगुल्यांचं हळदीचं पेव.
आजूबाजूची पुरात बसली, बुजवली, त्यावर प्लॉट पडले.
हे एक उरलंय.
त्यात आम्ही वर्षापूर्वी गहू आणि जव पुरला होता,
उसाचा पाला लावून, वरून मातीनं लिंपून.
जमिनीच्या पोटात धान्य कसं टिकतं, कसं मरतं,
त्या देशातले खड्डे वाचायला
इथला खड्डा आधी वाचावा म्हणून.

तोंड एका माणसापुरतं.
झाकण काढून दोन तास झाले तरी
आदगोंडा कुणाला जवळ येऊ देईनात.
मग दोरीला कंदील बांधून सोडला.
पाच हात. सात हात.
ज्योत निळी झाली, आणि गेली.

देणगीदार म्हणाले, मी प्रार्थना करून उतरतो.
आदगोंडांनी त्यांचा दंड धरला.
‘सायेब, श्रद्धा असू दे न्हाईतर नसू दे,
हवा नसली की नसती.
माझा चुलता असाच गेला.
आधी कंदील. मग माणूस. चला, च्या घेऊ.’

चहा झाला. दुसरा झाला.
सरांनी वहीत वेळ टिपली, कंदील किती हातांवर विझला ते टिपलं.
देणगीदार बशीत बघत बसले.
पाटीचं पुन्हा कुणी बोललं नाही.
(फरशीचंही नाही. ती अजून उखडलेलीच आहे.)

चौथ्या खेपेला ज्योत टिकली.
वर आलेला जव पिवळाधमक.
जुनी हळद भिंतीत मुरलेली, सगळ्या दाण्यांना लागली होती.
वर्षाचं काम; अहवालात लिहावं लागलं : नमुना दूषित.
वास मात्र इतका छान
की मी हातरुमालात थोडा बांधून आणला,
तेही लिहिलं.

घरी आई. चाळीस वर्षं रविवारची शाळा घेतली तिनं,
फ्लॅनेलच्या फळ्यावर कापडी तुताऱ्या चिकटवत,
आणि ती भिंत
दर वर्षी स्वतःच्या बोटानं पाडली.
रुमाल हुंगून म्हणाली,
‘मग काय निघालं? पडली का नाही भिंत?’

‘पडलीय आई. जळलीय सुद्धा.
कुणाची, कधी, ते माहीत नाही.
कंदील सोडलाय आत.’

तिनं बराच वेळ काही म्हटलं नाही.
मग उठली, आधण ठेवलं,
आणि जवाचे ते पिवळे दाणे
एक एक करून
खिडकीच्या कट्ट्यावर सावलीत पसरले.