टीव्ही जोडायला गेलो तेव्हा

मकवाला इटलीहून आली नऊ वर्षांनी,
आणि तिच्याआधी चार दिवस तिचा टीव्ही आला,
पार्सलांच्या मिनीबसमधून, ब्लँकेटात गुंडाळलेला,
सोबत पास्त्याची पाकिटं आणि गुडघ्यांचं मलम.
भिंतीवर तो एवढा मोठा दिसला
की लामारा आजी म्हणाली, खिडकी बुजवलीत माझी.

मला बोलावलं, कारण इमेरेतीतल्या आमच्या त्या गावात
फोन आणि टीव्हीची सोयरीक जुळवणारा
मी एकटाच.
दोघांना एका वाय-फायवर आणायचं, एवढंच काम.
पण राउटर शेजारच्या घरात,
पासवर्ड म्हणजे शेजाऱ्याच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव,
आणि त्याचं स्पेलिंग कुणालाच धड आठवेना.

तोवर मेज भरलं होतं.
अक्रोड भरलेली वांगी, आलुबुखाऱ्याची आंबट चटणी,
प्लॅस्टिकच्या कॅनमधली घरची वाईन.
वाझाकाका पेला धरून उभे.
गेलेल्यांसाठी, पाहुण्यांसाठी, द्राक्षवेलीसाठी बोलून झालं होतं,
आता ते तंत्रज्ञानासाठी बोलायला लागले
आणि नेमका तेव्हाच
पडद्यावर समुद्र उजळला.

नेपल्सचा समुद्र. टाळ्या.
मकवाला समुद्रापुढे, मकवाला कारंज्यापुढे,
मकवाला उसन्या कोटात, हसरी.
मग एक म्हातारी, सिन्योरा ओर्सोला,
केस विंचरलेले, गळ्यात मोती, मांडीवर मांजर.
'हिला मी न्हाऊ घालते,' मकवाला म्हणाली,
'कधी कधी मारते मला.'
आजीनं त्या बाईकडे बराच वेळ पाहिलं.
'नखं नीट कापतेस तिची,' एवढंच बोलली,
आणि स्वतःचे हात मेजपोशाखाली घेतले.

इथे थांबायला हवं होतं.
पण मी 'सगळे फोटो' दाबलं होतं,
आणि टीव्हीला कुठे कळतं
काय दाखवायचं नि काय गिळायचं.
पैसे पाठवल्याच्या पावत्या आल्या,
महिन्याला एक, प्रत्येक भिंतीएवढी.
औषधाचं खोकं. सुजलेलं मनगट.
स्टेशनच्या बाकावर अर्धं सँडविच,
त्याचा फोटो का काढला कोण जाणे.
मकवाला फोन शोधायला लागली. तो माझ्या हातात,
आणि माझी बोटं गार.

मग आलं छत.
पिवळट फळ्या, मधोमध गळतीचा डाग, घोड्याच्या डोक्यासारखा,
खाली कोपऱ्यात एक कपाळ, पांढऱ्या केसांची कड.
पुन्हा छत. तोच डाग. कपाळ जरा डावीकडे.
पुन्हा. एकदा अर्धा चष्मा. एकदा नुसता अंगठा.
कुणीतरी वर पाहिलं.
मग सगळ्यांनीच वर पाहिलं.

'तू फोन असाच धरायचीस, आई.
दर रविवारी.
मी म्हणायचे खाली घे, तू आणखी वर न्यायचीस.
मग जे दिसायचं ते ठेवून घेतलं.'

वाझाकाकांना शब्द सापडेना.
ते भरला पेला तसाच ठेवून बसले,
हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.
आजी उठली. टीव्हीपाशी गेली, चष्मा पुसला,
पडद्यावरच्या डागावर बोट टेकवलं.
'तेव्हा लहान होता की.'
खरंच. आता घोड्याला
मान आली होती, पुढचे दोन पाय आले होते.

सकाळी शिडी आणायचं ठरलं. कुणाची, यावर वाद झाला.
मी निघालो, जोडणी तोडायची राहूनच गेली.

रात्री परसात गेलो तर त्यांच्या घरात अजून उजेड.
खिडकीतून दोघी दिसत होत्या,
आजीच्या हातात फोन, मकवाला समोर ताठ उभी,
फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखी.
'खाली घे. अजून. आई, अजून जरा खाली.'
आणि त्यांच्या मागे, भिंतभर,
मकवालाच्या सपाता.