एकास पंचवीस

फेब्रुवारीतला रविवार. वापाकोनेटाच्या जत्रेच्या मैदानावरचा
गुरांच्या प्रदर्शनाचा हॉल. हीटर नुसताच घरघरतोय,
आणि लांबच लांब टेबलांवर आमचा बाजार:
सेलोफेन न फाडलेली खोकी, फाटलेली खोकी,
झाकण एका गाडीचं, आत हाडं दुसरीचीच.

लोक मला विचारायला येतात. चाळीस वर्षं
मी हेच करतो, गाडी उलटी धरतो, पोटाखाली बघतो.
नंबर असला तर सोपं. नसला तर
एक्झॉस्ट कुठून वळतो, पुढचा अ‍ॅक्सल धातूचा आहे का,
छत उन्हातल्या पापडासारखं वळलंय का.
वळलं असेल तर ते पहिल्या काळातलं प्लास्टिक,
साठ वर्षं झाली तरी अजून आकसतंच आहे.
टायर काचेला चिकटलंय का तेही बघायचं:
बंद खोक्यात टायर शेजारचं प्लास्टिक खातं,
सावकाश, आवाज न करता.

मी चुकत नाही. म्हणजे दोनदा चुकलो,
दोन्ही वेळा डेल्बर्ट क्रोगमन समोर होता
आणि तो अजून सांगत हिंडतो.

दुपारी एक बाई आली, वर्ला डिटमायर.
काखेत बुटांचं खोकं, खोक्यात पिवळी वर्तमानपत्रं,
वर्तमानपत्रांत एक ट्रक.
"भावाचा होता," म्हणाली. "कुठला ते सांगा."

मी उलटा धरला.
चासी आगीच्या बंबाची.
केबिन भलत्याच पिकअपची, मधोमध कापून
करंगळीएवढी रुंद केलेली, सांध्यात पुट्टी,
पुट्टीवर सँडपेपरचे ओरखडे.
मागची टाकी ओळखायला मला वेळ लागला:
शाम्पूची बाटली, चंदेरी रंगवलेली.
दारावर एका केसाच्या ब्रशनं लिहिलेलं काहीतरी,
भिंगातूनही लागेना.
आणि डावं मडगार्ड आत दबलेलं,
धग लागल्यासारखं.

वहीत लिहिलं: मिश्र. बिनखोक्याचा. मडगार्ड वितळलेलं.
तिला म्हणालो, बाई, हा कुठलाच नाही.
तीन किटांच्या उरल्यासुरल्यातून केलाय.
सुट्या भागांचे बारा डॉलर येतील फार तर.
असा ट्रक किटात कधी निघालाच नाही.

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून तर त्याला करावा लागला."

मग उभ्याउभ्याच सांगू लागली.
बाप दुधाचा टँकर चालवायचा. पहाटे तीनला निघायचा,
आम्ही त्याला पाठमोराच जास्त पाहिला.
चौसष्टच्या बर्फात त्यानं तो
धान्याच्या कोठाराच्या खांबावर घातला.
मालकानं पोचा काढला नाही, पगारातून पैसे मात्र कापले.
त्यानंतर रोज निघताना तो पोच्यावरून एकदा हात फिरवायचा,
घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.
लॉयल तेरा वर्षांचा होता. त्यानं स्टोव्हवर चमचा तापवला.
आईचा चांगला चमचा. मार खाल्ला.

माझ्या खिशात नेहमी स्टीलची पट्टी असते.
पोचा मोजला: सात सोळांश इंच.
गुणिले पंचवीस. अकराला केसभर कमी.
"खरा पोचा केवढा होता?" मी विचारलं.
तिनं हवेत दोन तळवे धरले,
आणि ते धरून तशीच उभी राहिली.
पट्टी माझ्या हातात होती. मी ती खिशात टाकली.

"तुम्हाला माहीत होतं, तर मग विचारायला का आलात?"
"दुसऱ्या कुणाला ओळखू येतो का ते बघायचं होतं."

वहीतलं 'वितळलेलं' खोडलं. त्या जागी काय लिहायचं
ते सुचेना, रकाना रिकामाच राहिला.
ती वर्तमानपत्रं एकेक करून गुंडाळत होती,
टाकीला दोन, केबिनला एक,
टायरांखाली मेणकागद. कुणी शिकवलं होतं तिला?

तेवढ्यात डेल्बर्ट कॉफी घेऊन आलाच.
"काय होतं रे ते?"
"दुधाचा टँकर," मी म्हणालो. "मी ओळखला नाही."
त्याच्याकडे आता तीन झाल्या.