ओल

चर्चात एकही लोखंडी खिळा नाही,
हे अनुत्सा येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.
ओकचे ओंडके एकमेकांत दात रोवून बसलेत,
वर खवल्याखवल्यांचं लाकडी छप्पर,
आणि त्यातून निघालेला मनोरा,
इझा नदीच्या खोऱ्यात ढगाला सगळ्यांत आधी टोचणारा.

म्हणून तोदेर तांब्याची पट्टी घेऊन आला
तेव्हा ती दार अडवून उभी राहिली.
त्यानं टोपी काढली.
"ओंडक्यांत काही ठोकणार नाही, आजी.
लाकडी पाचरींवर तोलतो, भिंतीपासून वीतभर लांब."

पूर्वी गारांचा ढग दिसला की घंटा वाजवत.
आवाजानं ढग फुटतो म्हणायचे.
तिचा बाप वाजवायचा.
एका जुलैत दोर ओला होता.
पुढचं ती सांगत नाही; गावाला पाठ आहे.
तोदेर दोराकडे न बघता मापं घेत राहिला.

"हे तिला अडवतं?"
"तिला कोण अडवणार?
यायचंच असेल तर इकडून ये, म्हणतं.
छपराला न शिवता खाली जा."

पट्टीला काटकोन चालत नाही,
कोपरा आला की वीज उडी मारते.
बैलगाडी वळवावी तशी ऐसपैस वळवली त्यानं,
थडगी चुकवत, कुंपणापर्यंत.
तिथं कांब ठोकली. मीटर म्हणालं अठरा.
दहाच्या आत हवं.
आणखी एक ठोकली. सोळा.
तो कोरड्या मातीला शिवी देणार, इतक्यात
देवाच्या दारात उभे आहोत हे आठवलं.

अनुत्सा काठी टेकत प्लमच्या झाडापाशी गेली.
"इथं झरा होता, मी लहान असताना.
इथली माती अजून हाताला चिकटते."
सहा.
त्यानं मीटर तिच्यापुढे धरलं.
चष्मा नव्हता, तरी तिनं वाचल्यासारखं केलं.

ऑगस्टमध्ये पाऊस नाही, नुसता गडगडाट.
संध्याकाळी तिनं झाडाखाली दोन बादल्या ओतल्या.
रात्रभर पांघरुणात तिचे हात
वर जात होते, खाली येत होते.

सकाळी पट्टीवरच्या मोजणीच्या डबीत
शून्याचा एक झाला होता.
बराच वेळ ती तिथंच उभी राहिली.
रात्री तिनं अकरा कडकडाट मोजले होते,
यातला कुठला,
ते तिला सांगता येईना.