चिठ्ठी फाडायची नाही

हर्बेरियममधला पंखा मे महिन्यात बंद,
पानं उडतात म्हणून.
मेश्राम घाम पुसत शीट उघडतात:
अमरावती रोड, हॉस्टेलमागे, १९६१.
साठ वर्षं झाली, तरी बोट घासलं
की लिंबाचा वास.

कोपऱ्यात टाइप केलेलं,
युकॅलिप्टस सिट्रिओडोरा.
युकॅलिप्टस म्हणजे नीट झाकलेलं;
कळीला टोपी असते, फुलताना उडून पडते.
पंच्याण्णव साली तिकडे कुणी
फुलांचे झुबके पुन्हा पाहिले,
प्रजाती वेगळी काढली, कोरिंबिया.
सगळ्यांनी मानलं नाही अजून.
जातीचं नाव मात्र तेच.

"जात तेवढी राहू देली म्हणा,"
मेश्राम हसतात.

नाकाडे मॅडम नवी चिठ्ठी देतात.
जुनी फाडायची नाही, नियम आहे,
शेजारी लावायची.

"आमच्या आज्याचं नाव कचरू होतं, मॅडम.
छप्पन्न साली बदलवलं.
ते काही चिकटवून नाही ठेवलं आम्ही."

मॅडम चष्मा काढतात, पुन्हा घालतात.
चिठ्ठी जरा तिरपी बसते.
डिंक वाळेस्तोवर
ते अंगठा दाबून धरतात,
मग डबा घेऊन जातात
हॉस्टेलमागे, त्याच निलगिरीखाली.
बुंध्याशी यंदाची साल
सोलून पडलेली.