टिक्. मग थोडं थांबून, खर्र

पहिल्या रात्री वाटलं, पाल.
ट्यूबमागं बॅटरी मारून बघितलं.
पाल होती, पण गप्प होती,
आणि माझ्याकडं अशी बघत होती
की तिलाही तेच विचारायचंय.

टिक्.
मग थोडं थांबून, खर्र.

यादवनगरात रात्री अकरानंतर
उद्यमनगरचा शेवटचा प्रेसही बंद पडतो
आणि मी लग्नपत्रिका जुळवत बसते:
चि. सौ. कां., मग नाव, नावाखाली शिक्षण,
मामांची रांग, आत्यांची रांग,
आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी चार पोरं.
आवाज नेमका मामांपाशी येतो.

एकेक करून बंद करत गेले.
स्पीकर काढले. मोबाइल वाजायच्या आधी
त्यांच्यात जे गुरगुरायचं ते गेलं, हे नाही.
यूपीएस पुसला. त्याचा सूर वेगळाच,
सासुरवाडीला आलेला जावई घोरतो तसा, जरा बेतानं.
प्रिंटरची वायर उपसली.
कॅबिनेट डुगडुगतंय म्हणून
खाली एक जुनी पत्रिका घडी करून सारली
(कुणाची ते बघितलं नाही.
संसार टिकला असेल तर भार सोसेल).
टिक्. खर्र.

राजारामपुरीतनं श्रेणिक आला.
त्याच्यासमोर मशीन शहाण्या पोरासारखं वागलं.
"हार्ड डिस्क असंल ताई, आधी डेटा काढून ठेवा,"
म्हणाला, चहा प्याला, दोनशे घेतले.
सतरा वर्षांच्या पत्रिका पेन ड्राइव्हवर भरल्या.
त्यात एक माझी.
छापायला गेलीच नव्हती ती, फाइल तेवढी राहिली,
मामांची रांग सकट.

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं.
चौतीस वर्षं पॉवर प्रेसवर,
दोन्ही कान तिथंच ठेवून घरी आलेले.
त्यांना सांगायचं तर पाटीवर लिहायचं
नाहीतर सगळ्या गल्लीला सांगायचं.
मी गल्लीला सांगितलं: अण्णा, काँप्युटर वाजतोय!
"कुठं वाजतोय?"
तेच तर!

उठले. देव्हाऱ्याखालच्या खणातनं
लांब दांडीचा स्क्रूड्रायव्हर काढला.
टोक कॅबिनेटला, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
प्रेसचं बेअरिंग असंच ऐकायचे, म्हणे,
मालक बाहेर हिशेब करत उभा
आणि अण्णा आत, हाडानं ऐकतायत.

वर टेकवलं. बाजूला. मागं. अगदी खाली.
मी श्वास धरून. पालही.

"बेअरिंग चांगलं हाय. चकतीला काय झालं न्हाई.
पात्याला कायतरी शिवतंय.
तापलं की शिवतंय."

उघडलं. पंख्यापाशी
प्लॅस्टिकच्या पट्टीचं शेपूट,
वायरी बांधून कुणीतरी कापायचं विसरलेलं,
नखाएवढं.
नखासारखंच नेलकटरनं कापलं.

पुढं काय? काही नाही.
मामांच्या रांगेपाशी अजून हात थबकतो,
वाट बघते,
येत नाही.

अण्णांचं मात्र सुटेना.
फ्रिजला लावून झालं. नळाला.
मीटरच्या पेटीला लावायला निघाले तेव्हा मी ओरडले,
त्यांना कुठलं ऐकू येतंय, धावत जाऊन दंड धरला.
"मिक्सर दोन म्हैन्यात जाणार," असं जाहीर झालं.
शेजारच्या सूर्यवंशी वहिनी
गिरणीची मोटर दाखवायला घेऊन जाणार आहेत.

काल रात्री माझ्या टेबलाच्या कडेला टोक,
मूठ हाडाला, डोळे मिटलेले.
मी टाइप करत होते.
"आज बोटं जड पडत्यात," म्हणाले.
"हितं थांबलीस.
आता मागं गेलीस. खोडलंस काय?"

मी हात उचलले.

"चालू ठेव की," म्हणाले.
"ऐकतोय."