फांद्या

सीपीआरच्या खिडकीत सर्जेराव खोतांनी
लोणच्याची बाटली ठेवली, वर रुमाल.
"मॅडम, हालतंय ते," एवढंच बोलले.
भोपळ्याच्या बीएवढा पांढरा तुकडा,
शिरोलीच्या फौंड्रीत, दुसऱ्या पाळीत,
आपला आपण चालत बाहेर आलेला.

अंड्यांवरून काही कळत नाही,
दोन्ही जातींची अंडी सारखीच.
म्हणून तुकडा दोन काचांत दाबला,
सुईनं काळी शाई भरली
आणि मधल्या खोडापासून
एका बाजूच्या फांद्या मोजायला लागले.

"आमच्यात तसलं कोण खात न्हाई,"
खिडकीतनं आवाज.
"सोमवारी, गुरुवारी तर मटणबी न्हाई."

अकरा. बारा.
तेराला थांबून डोळा पुसला.
बाहेर केसपेपरवरून कुणीतरी भांडत होतं.
अठरा.
पुन्हा मोजल्या. अठराच.
डुकराच्या जंताला इतक्या नसतात.

रिपोर्टवर लॅटिन नाव लिहिलं,
डॉक्टरांना कळेल तेवढंच.
त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.
"कशाचा निघाला?"
"डॉक्टर गोळी देतील," मी म्हटलं,
"आणि काहीही खा, पण नीट शिजवून खा."

ते उभेच.
मग इतकं हळू, की मला पुढं वाकावं लागलं,
"पाळी सुटल्यावर त्या गाड्यावर
अंधार असतोय ओ."

बाटली न्यायची विसरले.
झाकणाला अजून
कैरीचा वास होता.