मागची सीट

सावर्ड्याच्या खाणीवरून लिलावात आणली जीप,
तेव्हा बोनेटखाली मैनेचं घरटं.
रुझारमेस्त म्हणाला, "राव रे, पिल्लां उडूं दी."
राहिलो. जवळजवळ महिनाभर.

मग पत्रा उचकटला.
फ्लोअरखाली, चासीच्या पोकळीत,
एकेका बोल्टाच्या आट्यात लाल धूळ.
तीनदा धुतली. सकाळी लादीवर पुन्हा ओघळ,
रात्रीतून पाळी करून आल्यासारखा.

जीप कळणारे येऊन सांगून गेले:
मूळचं मोडू नकोस, बाजू उघड्याच हव्यात.
मी पायरी जोडली,
आईच्या डाव्या गुडघ्याच्या मापाची.
रुझार खडू घेऊन उकिडवा बसला
आणि ती, शिंप्याला सांगावं तशी,
"आणखी दोन बोटं खाली."

समोरासमोरच्या बाकांच्या जागी
भंगारातल्या कुठल्याशा मोटारीची सीट,
तीन पट्टे. मधला शांभवीचा.

इंजिन तेच. तिळामळच्या चढावर
उल्का ओरडून विचारते, पाव घेतलेस?
मी ओरडतो, काय?
आई दोघांना गप्प बसवते,
तेही ओरडूनच.

खाण बंद पडली, माझा टिप्पर उभा राहिला,
त्या पावसाळ्यातला शांभवीचा जन्म.
तिनं खाण पाहिलेली नाही.
शाळेतून येते तर पांढऱ्या फ्रॉकला
मागून बशीएवढा लाल डाग.
नवी सीट, नवं कव्हर,
कुठून झिरपतं कळत नाही.

उल्का साबण घासते. निघतो.
गुरुवारी परत असतो.
मी काही बोलत नाही,
बादली भरून देतो.